फळांचा घरगुती बर्फ दगडासारखा होतो, प्रमाण कुठे चुकतं?

पानगळ

उन्हाळ्यासाठी घरी फळांचा बर्फ करायचा आहे. दूध, साय, अंडं काही नको. फळ, साखर, पाणी आणि लिंबू एवढंच. आइस्क्रीमचं यंत्र नाही. मिक्सर, फ्रिजचा वरचा फ्रीझर, स्टीलचे डबे, बर्फाचे ट्रे आणि कांडीचे प्लास्टिकचे साचे हाताशी आहेत.

सध्याचं प्रमाण असं: कलिंगडाचा गाळलेला रस १ लिटर, साखर ४ मोठे चमचे, एका लिंबाचा रस. डब्यात ओतून रात्रभर फ्रीझरमध्ये. अडचणी तीन आहेत.

डब्यातला बर्फ इतका कडक होतो की चमचा आत शिरत नाही. तो फोडून मिक्सरला लावला तर अर्धं पाणी आणि अर्धे खडे होतात, परत ठेवला की पुन्हा तसाच घट्ट. आणि हेच मिश्रण साच्यात घालून कांडी केली तर चोखताना रंग आणि गोडी आधी निघून जाते, शेवटी काडीवर फिका पांढरा बर्फ उरतो.

आंब्याचा बर्फ मात्र याच पद्धतीने बराच मऊ होतो. असं का? साखर वाढवायची तर किती? जिलेटिन, कॉर्नफ्लोअर, गवार गम यांतलं काही खरंच लागतं का? नेमकी मापं मिळाली तर बरं होईल.

खडीसाखर

पानगळ, तिन्ही तक्रारींचं मूळ बरंचसं एकच आहे: साखर फार कमी पडते आहे. फळांच्या बर्फात साखर गोडीपुरती नसते, बर्फ मऊ ठेवायचं कामही तीच करते.

नुसतं पाणी शून्य अंशाला गोठतं. त्यात साखर विरघळली की गोठणबिंदू खाली जातो. १० टक्के साखरेचा रस उणे ०.६ अंशाच्या आसपास गोठायला लागतो, २५ टक्क्यांचा उणे २ च्या आसपास. फरक किरकोळ वाटेल, पण पुढे काय होतं ते बघा. गोठताना फक्त पाण्याचा बर्फ होतो, साखर उरलेल्या द्रवात राहते. द्रव दाट होत जातो, त्याचा गोठणबिंदू आणखी खाली सरकतो, आणि फ्रीझर उणे १८ ला असला तरी बर्फाच्या कणांमध्ये दाट पाक न गोठता शिल्लक राहतो. चमचा शिरतो तो या पाकामुळे. साखर कमी तर पाक कमी, मग कण एकमेकांना चिकटून लादी होते.

आता तुमच्या प्रमाणाचा हिशोब. कलिंगडात साखर साधारण ६ ते ८ टक्के असते, म्हणजे लिटरभर रसात ७० ग्रॅम धरा. सपाट भरलेले ४ मोठे चमचे म्हणजे ५० ग्रॅम. एकूण १२० ग्रॅम, आणि मिश्रणाचं वजन ११०० ग्रॅमच्या जवळपास. झाले ११ टक्के. एवढ्या साखरेवर डब्यातला बर्फ मऊ राहणं शक्यच नाही.

पिकलेल्या आंब्याच्या गरात साखर १४ ते १८ टक्के असते. त्यात तेच ४ चमचे घातले की बेरीज २० टक्क्यांपर्यंत पोचते. शिवाय गरातला तंतू आणि पेक्टिन (फळाला दाटपणा देणारा घटक) पाणी धरून ठेवतात, त्यामुळे बर्फाचे कण बारीक राहतात. कलिंगडाच्या गाळलेल्या रसात हे दोन्ही जवळजवळ नसतं. म्हणून एकच कृती एका फळाला लागू पडते आणि दुसऱ्याला नाही.

पहिल्यांदा कुठला बर्फ हवा ते ठरवा, कारण प्रत्येकाचं प्रमाण वेगळं. फळातली आणि वरून घातलेली मिळून एकूण साखर:

चमच्याने घ्यायचा मऊ बर्फ (सोर्बे): २५ ते २८ टक्के
कांडी: १६ ते २० टक्के
काट्याने खरवडून केलेला रवाळ बर्फ (ग्रॅनिटा): १४ ते १८ टक्के

३० च्या वर गेलात तर घरच्या फ्रीझरमध्ये नीट धरत नाही, चिकट लगदा राहतो आणि तळाशी पाक साचतो.

वरून किती साखर घालायची ते काढायला सूत्र सोपं आहे. रस १ किलो धरा. २५ टक्के हवे असतील तर २५० मधून रसातली साखर वजा करा आणि उत्तराला ०.७५ ने भागा. कलिंगडाला (२५० – ७०) ÷ ०.७५ = २४० ग्रॅम. कांडीसाठी १८ टक्के हवे तर (१८० – ७०) ÷ ०.८२ = सुमारे १३५ ग्रॅम. खरवडायच्या बर्फाला १५ टक्के, म्हणजे (१५० – ७०) ÷ ०.८५ = सुमारे ९५ ग्रॅम. भागाकार का, तर साखर घातल्यावर मिश्रणाचं एकूण वजनही वाढतं.

फळांतल्या साखरेचे ढोबळ आकडे, १०० ग्रॅममध्ये: लिंबाचा रस २ ते ३, स्ट्रॉबेरी ५ ते ६, कलिंगड ६ ते ८, संत्रं ९, अननस १० ते ११, द्राक्षं १६ ते १७, आंबा १४ ते १८. पिकण्यावर हे खालीवर होतं, तरी २ टक्के इकडेतिकडे झाल्याने बर्फ बिघडत नाही.

चमच्याच्या बर्फासाठी साधारण १ किलोची तयार प्रमाणं:

आंबा: गर ७००, साखर १५०, पाणी १५०, लिंबाचा रस २०
अननस: वाटून गाळलेला गर ७००, साखर १८०, पाणी १२०
स्ट्रॉबेरी: गर ७००, साखर २१०, पाणी ९०, लिंबाचा रस १५
द्राक्षं: गाळलेला रस ८५०, साखर ११०, लिंबाचा रस २५
लिंबू: रस १५०, साखर २५०, पाणी ६००

सगळं ग्रॅममध्ये, पाणी आणि रससुद्धा वजनावर. वाटी-चमच्याने मोजू नका. बारीक साखर आणि जाड साखर यांचं एका वाटीतलं वजन बरंच वेगळं भरतं.

मोजपट्टी

खडीसाखर यांच्या हिशोबाला पूर्ण अनुमोदन. वजनकाटा नसेल आणि रस पातळ, गाळलेला असेल तर अंड्याची परीक्षा करता येते. ताजं, स्वच्छ धुतलेलं कच्चं अंडं सालासकट रसात सोडायचं. बुडलं तर साखर कमी. थोडी थोडी साखर घालून विरघळवत जायचं. अंड्याचा साधारण २ सेंमी व्यासाचा भाग वर दिसायला लागला की मिश्रण २५ टक्क्यांच्या आसपास आलं. त्याहून मोठा भाग वर आला तर साखर जास्त झाली, रस किंवा पाणी वाढवा.

आंबा किंवा स्ट्रॉबेरीच्या दाट गरात ही परीक्षा चालत नाही, तिथे अंडं गराच्या दाटपणामुळेच अडून राहतं. शिळं अंडंही चालत नाही, त्यातली हवेची पोकळी वाढलेली असते, ते साध्या पाण्यातही वर येतं.

पानगळ

खडीसाखर, मोजपट्टी, दोघांचेही आभार. आंब्याचं कोडं सुटलं.

पण लिटरभर कलिंगडाच्या रसाला २४० ग्रॅम साखर हे वाचूनच दात शिवशिवले. इतकं गोड खाववेल का? गोडी कमी ठेवून बर्फ मऊ करता येतो का? आणि पाक करून घालायचा की साखर तशीच?

निगुती

आधी पाकाचं. पाक करायचा तो फक्त साखर विरघळण्यापुरता. तार वगैरे बघायची नाही. पाणी कोमट करून साखर ढवळली की काम झालं, मग पूर्ण गार होऊ द्यायचं. कलिंगडाला तर पाणीही नको, ते फळ आधीच ९१ ते ९२ टक्के पाणी आहे. रसात साखर घालून मिक्सर १ मिनिट फिरवा, १० मिनिटं थांबा, परत फिरवा. तळाशी चमचा घासून कचकच लागली नाही की विरघळली. कलिंगड गरम करू नका, त्याला शिजल्यासारखा वास येतो आणि ताजेपणा जातो.

गोडीबद्दल: जिभेला थंड पदार्थ कमी गोड लागतो. त्यामुळे मिश्रण चाखताना ते थोडं जास्तच गोड लागलं पाहिजे, गोठल्यावर बरोबर बसतं. चाखताना घोट एकदम गार नको, नाहीतर अंदाज चुकतो.

आंबटपणा वाढवला की गोडी झाकली जाते. लिटरला २५ ते ३० मिली लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. मीठ खारट लागेल इतकं नाही, लिटरला १ ग्रॅमपेक्षा कमीच. लिंबाची साल किसून घालत असाल तर फक्त वरचा रंगीत भाग घ्या, पांढरा भाग कडू असतो. संत्र्याचा रस काढून ठेवू नका. बिया आणि पांढरा पापुद्रा वाटला गेला असेल तर थोड्या वेळाने रस कडवट होतो. हाताने पिळा, गाळा आणि लगेच वापरा.

मोजपट्टी

गोडी कमी करायची आणखी एक वाट आहे, साधी ग्लुकोज पावडर. ग्लुकोजचा रेणू साखरेच्या रेणूच्या जवळपास निम्म्या वजनाचा. म्हणून तेवढ्याच ग्रॅममध्ये तो गोठणबिंदू सुमारे १.९ पट खाली नेतो, आणि गोडी मात्र साखरेच्या पाऊण पटच असते. तुमच्या कलिंगडाला २४० ग्रॅम साखरेऐवजी १६० ग्रॅम साखर आणि ५० ग्रॅम ग्लुकोज घ्या. बर्फ तेवढाच मऊ होईल, वरून घातलेली गोडी जवळपास पाचव्या हिश्श्याने उतरेल. कुठलाही स्वाद किंवा क्षार घातलेली पावडर नको, नुसतं ग्लुकोज हवं. आणि हौसेने सगळी साखर बदलू नका. सगळंच ग्लुकोज केलं तर बर्फ धरतच नाही. एकूण साखरेच्या पाव हिश्श्यापर्यंत ठीक.

मधही असाच वागतो, कारण त्यात मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच असतात. पण गोडी कमी होत नाही आणि वास जोरकस, त्यामुळे लिंबाला शोभतो, कलिंगडाला नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मध घातलेलं काही देऊ नये, गोठवलेलं असलं तरी नाही.

निगुती

आता यंत्राशिवाय बर्फ बारीक कसा करायचा ते सांगते. साखर बरोबर असली तरी डब्यात ओतून रात्रभर ठेवायची पद्धत मुळात चुकीची आहे. हळूहळू गोठलं की थोडेच स्फटिक होतात आणि तेच वाढत राहतात. सुमारे ५० मायक्रॉनपेक्षा मोठे झाले की जिभेला टोचतात. भराभर गोठवलं आणि मध्ये मोडलं की असंख्य बारीक स्फटिक होतात.

मिश्रण आधी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ४ ते ५ तास ठेवून ४ अंशांपर्यंत गार करा. खोलीच्या तापमानाचं मिश्रण फ्रीझरमध्ये ठेवलं की गोठायला वेळ लागतो आणि शेजारचं सामानही कोमट होतं. फ्रीझर २ ते ३ तास आधी सगळ्यात थंड आकड्यावर लावून ठेवा.

मिश्रणातला अर्धा कप बाजूला फ्रिजमध्ये राखून बाकीचं बर्फाच्या ट्रेमध्ये ओता आणि ६ ते ८ तास गोठवा. मिक्सरचं भांडं आणि शेवटी भरायचा डबा दोन्ही त्याच वेळी फ्रीझरमध्ये ठेवा. ही पायरी गाळू नका. कोमट भांड्यात पहिल्याच फेरीत कडेचा बर्फ वितळतो.

खडे बाहेर काढून ५ मिनिटं थांबा. भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. राखलेल्या गार मिश्रणातले २ ते ३ चमचे घाला आणि थांबत थांबत फिरवा. २ ते ३ सेकंद फिरवा, थांबा, झाऱ्याने वरचं खाली करा. आधी भुगा होतो, आवाज कोरडा खडखडाट असतो. मग भुगा ओलसर होऊन एकजीव होतो, रंग एक छटा फिका पडतो आणि आवाज एकदम जड होतो. तिथेच थांबायचं. सगळं मिळून दीड मिनिटाच्या आत. पुढे फिरवत राहिलात तर पात्याच्या घर्षणाने वितळतं.

तुमचं अर्धं पाणी आणि अर्धे खडे झालं त्याचंही कारण इथेच आहे. ११ टक्क्यांचे खडे इतके कडक की पातं त्यांना फोडू शकत नाही, नुसतं घासत राहतं. कडा वितळतात आणि गाभा तसाच राहतो. मोटारीवरही ताण येतो. वास आला की लगेच बंद करा.

भरताना चमच्याच्या पाठीने दाबून मधल्या पोकळ्या घालवा. वर क्लिंग फिल्म थेट बर्फाला चिकटवा, मग झाकण. दीड ते दोन तासांत खायला तयार. आणखी गुळगुळीत हवा असेल तर २ तासांनी पुन्हा एकदा फिरवून परत ठेवा. दुसऱ्या फेरीचा फरक कलिंगड आणि लिंबू यांत स्पष्ट जाणवतो, आंब्यात फारसा नाही, तिथे श्रम वाया जातात.

खायच्या आधी डबा ८ ते १० मिनिटं बाहेर काढून ठेवा. उणे १८ चा बर्फ थेट वाढला तर स्वादच कळत नाही.

दुपारचं ऊन

मिक्सरची झटापट नको असेल तर खरवडलेला बर्फ सगळ्यात सोपा, आणि कलिंगडाला तोच शोभतो असं माझं ठाम मत आहे. ९५ ग्रॅम साखरेचं मिश्रण पसरट ताटलीत जेमतेम २ सेंमी उंचीचं ओता. ४५ मिनिटांनी कडा गोठलेल्या दिसतील, मधे पाणी. काट्याने कडा मोडून मध्ये ओढा. मग दर अर्ध्या तासाने तेच, एकूण ३ तास. शेवटी सुटे, चमकणारे, कुरकुरीत कण मिळतात.

फेरी चुकून लादी झालीच तर ताटली १० मिनिटं बाहेर ठेवून काट्याने उभं खरवडा, पूर्ण सुटतं. ताटली स्टीलची घ्या. ॲल्युमिनियम लवकर थंड होतं हे खरं, पण लिंबू, अननस असं आंबट मिश्रण उघड्या ॲल्युमिनियममध्ये तासन् तास ठेवलं तर धातूची चव उतरते.

खडीसाखर

कांडीचं राहिलं होतं.

कांडी हळू गोठते तेव्हा साच्याच्या भिंतीलगत आधी शुद्ध पाण्याचे लांब स्फटिक उभे राहतात आणि रंग, साखर, आम्ल त्यांच्या मधल्या फटींत ढकलले जातात. चोखलं की फटींतला पाक आधी ओढला जातो आणि मागे बर्फाचा सांगाडा राहतो. तुमचा पांढरा बर्फ तो हाच. उपाय तीन: साखर १८ टक्क्यांवर आणा, मिश्रणाला थोडा दाटपणा द्या, आणि लवकर गोठवा.

दाटपणासाठी सगळ्यात साधं कॉर्नफ्लोअर. लिटरला ८ ते १० ग्रॅम. १०० मिली पाण्यात कालवून आचेवर सतत ढवळत उकळी आणा, पांढरटपणा जाऊन ते काचेसारखं झालं की उतरवा. गार करून मग रसात मिसळा. कच्चं घातलं तर तळाशी बसतं आणि पिठूळ चव लागते. हे १०० मिली पाणी साखरेच्या हिशोबात धरा.

गवार गम याहून सोयीचा, त्याला शिजवावं लागत नाही. लिटरला १ ते दीड ग्रॅम, बस. तो थेट रसात टाकला की गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. म्हणून कोरड्या साखरेत नीट मिसळून मग मिक्सर चालू असताना भुरभुरवा. प्रमाण २ ते ३ ग्रॅम झालं की बर्फ बुळबुळीत लागतो.

कलिंगडाचा रस कांडीसाठी गाळू नका, फक्त बिया काढा. चोथाही स्फटिकांना अडवतो.

साच्यात १० सेंमी उंचीला १ सेंमी जागा रिकामी ठेवा. पाणी बर्फ होताना सुमारे ९ टक्के फुगतं, काठोकाठ भरलं की झाकण उचललं जातं आणि काडी तिरकी होते. याच कारणाने काचेच्या बाटलीत मिश्रण गोठवू नका, बाटली तडकते. काडी पहिल्या ४५ ते ६० मिनिटांनी, मिश्रण अर्धवट धरल्यावर खोचा. आधीच खोचायची असेल तर साच्यावर फॉइल ताणून बांधा, छोटी चीर द्या आणि तिच्यातून घाला, सरळ उभी राहते.

फळांचे तुकडे घालायचे असतील तर ३ ते ४ मिमी जाडीचे काप, साखरेत २० ते ३० मिनिटं मुरवून. जाड तुकड्यात साखर कमी असते, तो भोवतालच्या बर्फापेक्षा कडक होतो आणि दाताला लागतो.

काढताना साचा साध्या पाण्यात १५ ते २० सेकंद धरा. गरम पाण्यात नको, पृष्ठभाग वितळतो आणि पुन्हा गोठताना त्यावर बर्फाचं कवच चढतं.

पानगळ

जिलेटिनचं कुणी बोललं नाही. लिटरला ५ ग्रॅम असं एका कृतीत आहे. अननसाला चालेल? आणि घरात एकांना साखर वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी काही होऊ शकतं का?

मोजपट्टी

कलिंगड, आंबा, लिंबू यांना जिलेटिन ५ ग्रॅम चालेल. थंड पाण्यात भिजवून, गरम करून विरघळवायचं, उकळायचं नाही. पण ते प्राणिजन्य असतं, शाकाहारी मंडळी खाणार असतील तर आधी सांगा. न शिजवलेल्या अननसात मात्र ते वाया जातं. अननसात ब्रोमेलिन नावाचं, प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) असतं, आणि जिलेटिन हे प्रथिनच, म्हणून ते जिलेटिनला धरूच देत नाही. पपई आणि किवीतही अशीच विकरं असतात. ही फळं ५ मिनिटं उकळून घेतली तर विकर निष्क्रिय होतं, नाहीतर गवार गम किंवा कॉर्नफ्लोअर वापरा, त्यांना काही होत नाही. अननस शिजवला तर चव बिघडत नाही, उलट आंबट झणका कमी होतो. कलिंगडाचा नियम इथे लावू नका.

साखर वर्ज्य असेल तर स्टेव्हियाने (वनस्पतीपासून मिळणाऱ्या बिनसाखरेच्या गोड पुडीने) गोडी येते, मऊपणा येत नाही. स्टेव्हिया अगदी चिमूटभर लागते, गोठणबिंदूवर तिचा परिणाम नगण्य. म्हणून बिनसाखरेचा बर्फ साठवायचा नाही, केला की लगेच खायचा. फळाच्या फोडी ताटलीत सुट्या पसरून गोठवा, मग ४०० ग्रॅम फोडी, ५० ते ६० मिली गार पाणी आणि १ चमचा लिंबाचा रस असं मिक्सरमध्ये फिरवून त्याच क्षणी वाढा. केळ्याच्या फोडी मिसळल्या तर न गोठलेल्या सायीसारखा पोत येतो, पण केळं आणि आंबा दोन्ही गोड आहेत. वरची साखर नाही म्हणून फळातली साखर नाहीशी होत नाही. मधुमेह असेल तर किती खायचं ते त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवा. स्ट्रॉबेरीसारखं कमी साखरेचं फळ बरं.

दुपारचं ऊन

फ्रीझर छोटा आणि जेमतेम थंड होणारा असेल तर मीठ आणि बर्फाचा जुना मार्ग अजूनही सगळ्यात वेगवान आहे. ३ किलो बर्फाचा चुरा आणि पाऊण ते १ किलो जाडं मीठ, थर देत देत बादलीत. मिठामुळे बर्फ वितळायला लागतो, वितळताना भोवतालची उष्णता शोषतो, आणि तापमान उणे १५ च्या खाली जाऊ शकतं. मिठाच्या द्रावणाची शेवटची सीमा उणे २१ अंशांची आहे. गार द्रव डब्याला सगळीकडून भिडतो, फ्रीझरमधल्या हवेपेक्षा तो कितीतरी भराभर उष्णता ओढतो.

लिटरभर गार मिश्रण घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून त्यात रोवा. खारं पाणी डब्याच्या तोंडापासून ३ ते ४ सेंमी खालीच राहिलं पाहिजे. डबा गोल फिरवत राहा, दर ५ मिनिटांनी उघडून कडेला धरलेला थर लाकडी उलथन्याने खरवडून मध्ये आणा. उघडण्याआधी झाकण फडक्याने पुसा, एक चमचा खारं पाणी आत गेलं तरी सगळं वाया. ३० ते ४० मिनिटांत दाटसर बर्फ तयार होतो, मग तो फ्रीझरमध्ये तासभर. द्रावणात उघडा हात घालू नका, कातडी गोठून इजा होते. जाड हातमोजे घाला. आणि ते पाणी झाडांना ओतू नका.

छोट्या फ्रीझरचं तापमान उणे १२ च्या वरच राहत असेल तर २८ टक्क्यांचं मिश्रण धरणार नाही, तिथे २२ ते २३ टक्केच ठेवा.

पानगळ

शेवटचं विचारते. प्रमाण चुकलंच तर वितळवून सुधारता येतं का? आणि डब्यात किती दिवस टिकतो?

निगुती

येतं की. डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळवा, बाहेर ओट्यावर नाही. कडक झाला होता तर साखर वाढवा, धरत नव्हता तर रस किंवा पाणी, आणि गार असतानाच परत गोठवा. पण बाहेर राहून वितळलेला, उष्टा चमचा लागलेला बर्फ परत गोठवू नका. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. पाणी उकळून गार केलेलं वापरा. कलिंगड कापण्याआधी साल धुवा, कारण सुरी सालावरची घाण थेट गरात नेते.

टिकायला महिनाभर टिकतो, पण पोत पहिल्या आठवड्यातच उत्तम असतो. भिंतींवर साचलेला बर्फ स्वतःहून वितळवणाऱ्या (फ्रॉस्ट-फ्री) फ्रिजमध्ये फ्रीझर अधूनमधून थोडा गरम होतो, बारीक कण वितळून मोठ्या कणांवर पुन्हा गोठतात आणि बर्फ खरखरीत होतो. म्हणून डबा दारापाशी नको, आत मागच्या बाजूला, आणि मोठ्या एका डब्याऐवजी अडीचशे ग्रॅमचे चार. लागेल तेवढाच उघडता येतो. पाचव्या-सहाव्या दिवशी खरखरीत झालाच तर मिक्सरमधून एक फेरी काढा, पुन्हा पहिल्यासारखा होतो.